तीन मिनिटं बावन्न सेकंद

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी तीन ते चार जे चालायचं त्याला मंडळ म्हणणं जरा जास्तच झालं असतं. अध्यक्ष नाही, फलक नाही, चहासुद्धा ज्याचा त्याने थर्मासमधून आणायचा. माणसं चार. चष्मेवाले काका, कारण खोली त्यांची आणि भिंतीवरचे दोन मोठे स्पीकरही त्यांचेच. शहर बसचा एक चालक, ज्याची शनिवारची पाळी दोनला सुटायची. भूमितीच्या बाई, ज्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती तरी अख्ख्या जगाला त्या बाईच होत्या. आणि चौथी ती, वयाने सगळ्यांत लहान, नकाशे छापणाऱ्या कार्यालयात मुद्रितं तपासणारी. तिला या खोलीत घड्याळ म्हणायचे.

नियम बाईंनी घातलेले. पहिला असा, की गाणारी बाई हवी आणि गाणं तिनेच लिहिलेलं हवं. हे का, असं चालकाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बायकांच्या मनात काय चाललंय ते पुरुषांनी लिहिलेलं मी पन्नास वर्षं ऐकलं," बाई म्हणाल्या होत्या. "पुष्कळ झालं. आता ज्यांचं मन त्यांनाच विचारू."

"माझी बायको रोज सांगत असते मनातलं. तिचंही ऐकायला या."

"चाल लावून सांगत असेल तर येते."

दुसरा नियम चिठ्ठीचा. आपल्याला आवडलेली गायिका इतरांना सुचवायची तर चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: तिचं नाव, गाण्याचं नाव आणि खूण. खूण म्हणजे मिनिट आणि सेकंद. गाण्यातल्या नेमक्या कुठल्या जागी आपण पकडले गेलो, ती वेळ. आवाज गोड आहे, शब्द छान आहेत, असली मोघम तारीफ बाईंना खपायची नाही. बाकीच्यांनी आठवडाभर गाणं ऐकायचं आणि पुढच्या शनिवारी सांगायचं, आपणही तिथे पकडले गेलो की नाही. नावं फक्त चिठ्ठीवर. बोलताना सगळ्या गायिकांना टोपणनावं. शिलाई मशीनच्या ठेक्यावर गाणारी ती शिवणवाली. घुमारा मिळावा म्हणून इमारतीच्या जिन्यात बसून गाणी रेकॉर्ड करणारी ती जिनेवाली.

चालकाच्या खुणा दहा-बारा सेकंद इकडेतिकडे व्हायच्या. काकांना अख्खं कडवंच आवडायचं. हिची खूण मात्र कधी चुकली नव्हती. एक मिनिट सात सेकंद म्हणजे एक मिनिट सात सेकंद. सहाला काही नाही, आठला उशीर झालेला. म्हणून घड्याळ.

मग बाळ झालं आणि तिला गाणं ऐकू यायचं थांबलं.

कानांना काही झालं नव्हतं. उलट ते भलतेच तिखट झाले होते. नळाच्या पाण्यात, मिक्सरच्या घरघरीत, वरच्या मजल्यावर ओढलेल्या खुर्चीत तिला बाळाचं रडणं ऐकू यायचं. हातातलं टाकून ती धावत जायची तर बाळ उताणं, मुठी उघडून गाढ झोपलेलं. मग पोट वरखाली होतंय ना ते ती वाकून बघायची. दारापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा बघायची. गाणं लावलं तर इअरफोन एकाच कानात, उजव्या. डावा बाळासाठी मोकळा. उजव्या कानातून गाणं आत यायचं आणि पायपुसण्यापर्यंत येऊन थांबायचं, पाहुण्याला कुणी या म्हटलं नाही तर तो थांबेल तसं. त्यात चांगलं काय आहे ते तिला कळायचं. होत काही नव्हतं.

याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. कधी दुपट्यांच्या घड्या घालताना आठवायचं, की अरे, वाईट वाटायला हवं. मग ती पुढचं दुपटं घ्यायची.

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर सासूबाईंनीच तिला शनिवारी तासभर बाहेर पिटाळायला सुरुवात केली. चष्म्याच्या दुकानात ती पूर्वीसारखी जाऊन बसली, पूर्वीसारख्या चिठ्ठ्या लिहू लागली. चिठ्ठ्या लाल वहीतून यायच्या. लग्नाच्याही आधीपासूनची ती वही. तिच्यात न सुचवलेल्या गायिका होत्या आणि त्यांच्या खुणा, तिच्याच अक्षरात, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या. ती उतरवून काढायची. खुणा बरोबर निघायच्या. "घड्याळ चालू आहे अजून," असं काका म्हणायचे आणि ती हसायची. तिथे तिला कुणी बाळाची आई म्हणत नव्हतं, आणि ते तिला हवं होतं. आता हवं असणाऱ्या गोष्टी फार राहिल्या नव्हत्या.

बाळ आठ महिन्यांचं झालं त्या सुमारास बाईंनी सांगितलं.

काका काचा घासायच्या यंत्रावर कापड टाकत होते. बाई नेहमीच्या खुर्चीत, डावा कान स्पीकरकडे करून. त्यांचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेलेला, हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या डोक्यात एक वाटाणा सापडलाय," बाई म्हणाल्या. "डाव्या कानाच्या नसेवर. उजवीकडे एवढी जागा रिकामी होती, पण नाही."

कापड काकांच्या हातातच राहिलं.

"वाढतोय म्हणे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या बुधवारी काढतायत. नंतर कान राहील की नाही ते सांगता येत नाही. तेव्हा चेहरे पाडू नका. कान जाण्याआधी मला भरून घ्यायचंय. प्रत्येकाने एक गायिका द्या, या वर्षी तुम्हाला पकडलेली. जुनी नको, ज्या इथे आल्यात त्या मला पाठ आहेत. खुणेसकट."

"माझी तयार आहे," चालक म्हणाला. "ऐंशी वर्षांची आहे. गाण्याच्या मध्येच खोकते आणि तो खोकला तिने काढून टाकलेला नाही. खोकून झाल्यावर पुढचा शब्द जो घेते ना, तो. दोन मिनिटं तीस सेकंद."

"दहा-बारा सेकंद इकडेतिकडे," काका म्हणाले.

"या वेळी नाही. तीनदा मोजलंय."

काका म्हणाले, त्यांची एक जुळ्या बहिणींतली एक आहे. दुसरी गायची बंद झाली तरी ही तिची जागा मोकळी सोडून गाते. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी डोळे उघडून हिच्याकडे पाहिलं.

"आणि घड्याळ?"

"सोमवारी टाकते चिठ्ठी," ती म्हणाली.

लाल वहीत या वर्षीचं काही नव्हतं.

सोमवारी दुपारी स्वयंपाकघरात सासूबाई बाळाला उकडून कुस्करलेलं गाजर भरवत होत्या. बाळाचा बाबा पंधरा दिवस परगावी आणि पंधरा दिवस घरी, अशी नोकरी करायचा. हे परगावचे पंधरा दिवस होते. ती टेबलाच्या कोपऱ्याशी फोन घेऊन बसली. त्या कोपऱ्याला तिने स्वतः फोम चिकटवला होता.

नवीन गायिका शोधायला अवघड जात नाही. नवीन गाणी सुचवणाऱ्या एका पानावर तिला एक सापडली. रुग्णवाहिका चालवायची नोकरी, फावल्या वेळात गाणी, एकच गिटार, गाणं पाच मिनिटं दहा सेकंदांचं. बाईंना आवडेल अशी. तिने उजव्या कानात लावलं.

"अगं, कानात बोळा घालून बसलीस, मी काय भिंतीशी बोलतेय?"

"एकाच कानात आहे, आई. बोला."

"मग त्या उरलेल्या कानाने ऐक. हे बघ कसं फुर्रर करून उडवतंय. अर्धं गाजर माझ्या चष्म्यावर."

बाळाला ठसका लागला. साधाच, पण ती तोवर उठून टेबलाला वळसा घालून त्याच्या पाठीशी पोचली होती. ठसका थांबला. बाळ हसलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं घाबरायचं नाही गं, आम्हीही पोरं वाढवलीच की," आणि चष्मा पुसायला गेल्या.

उठताना इअरफोन ओढला जाऊन गाणं पहिल्या दहा सेकंदांवर थांबलेलं होतं. ते तिने पुढे लावलं नाही. चिठ्ठी घेतली, गाणारीचं नाव लिहिलं, गाण्याचं नाव लिहिलं. मग खूण. पाच मिनिटांच्या गाण्यात तिसरं कडवं साडेतीनच्या पुढे सुरू होतं आणि खूण बहुधा त्याच्या दुसऱ्या ओळीत असते, हे इतक्या वर्षांच्या सवयीने तिला माहीत होतं. तीन पन्नास लिहिलं तर अंदाजाने लिहिल्यासारखं वाटेल. तिने बावन्न लिहिलं.

संध्याकाळी बाळाला फिरवायला नेताना चिठ्ठी दुकानाच्या दारातल्या फटीतून आत सरकवली. परत येताना तिला काहीच वाटलं नाही. बाळगाडीचं डावं चाक जरा अडकत होतं, तेवढं लक्षात राहिलं.

शुक्रवारी दुपारी बाईंचा फोन आला. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं.

"मोकळी आहेस का गं?"

"बोला ना, बाई."

"हळू का बोलतेस? जोरात बोल, माझा कान बघ कसला."

"बाळ झोपलंय खांद्यावर."

"मग मीच बोलते, तू हं हं कर." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चालकाची म्हातारी ऐकली. खोकल्यानंतरचा शब्द. मिळाला, अगदी दोन तीसला, शाबास त्याची. काकांची जुळी ऐकली. ती मोकळी सोडलेली जागासुद्धा ऐकू आली. तुझी मात्र नाही येत मला."

"हं."

"मंगळवारपासून लावतेय. तीन बावन्नला तिथे काय आहे ते मला ऐकूच येत नाही. कान स्पीकरला टेकवून बघितला. आवाज इतका मोठा केला की वरचे लोक खाली आले, म्हणाले, बाई, सगळं ठीक ना? मला नुसती ती गाताना ऐकू येते, आधी गात होती तशीच. म्हणजे जे आहे ते कुठल्यातरी अशा सुरात आहे, जो माझ्याकडे आता नाही."

ती हं म्हणाली नाही.

"रडत नाहीये मी. बरंच झालं कळलं ते. डॉक्टरांकडे दोन रस्ते आहेत. एक आखूड: वाटाणा काढायचा, नस गेली तर गेली, कान कायमचा बंद, पण मी दोन तासांत बाहेर. दुसरा लांबचा: नस सोडवत सोडवत काढायचं, आठ-नऊ तास, माझ्या वयाला ते झेपेल न झेपेल, पण कान राहायची निम्मी आशा. ते म्हणाले, सोमवारी सांगा. मी लांबचाच धरून बसले होते. आता म्हटलं, कशासाठी? असंही सुटत चाललंयच."

"तपासणी केली असेल ना यंत्रावर?" तिने विचारलं. आवाज तिला स्वतःचाच जरा लांबून आला.

"केली की. यंत्र पीं करतं, मी बटण दाबते. यंत्राच्या मते कान अजून चांगला आहे. पीं ऐकायला मला कान कशाला हवाय? तुझी खूण कधी चुकलेली नाही, यंत्राचं मला माहीत नाही." मग बाई जरा हळू म्हणाल्या, "तू एवढं कर. तिथे काय आहे ते मला नीट सांग. आज नको, बाळ उठेल. निवांत सांग. ऐकू नाही आलं तरी माहीत असू दे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ तशीच उभी राहिली, कारण बसलं की बाळ उठायचं. समोर दोरीवर अठरा चिमटे होते. त्यातले सात निळे.

मग तिने बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं.

"आई, अर्धा तास. मी आतल्या खोलीत आहे, दार लावून घेते. रडलं तर मला ऐकू येणार नाही."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत ही दार लावून कधी बसली नव्हती. "जा," त्या म्हणाल्या. "रडलं तर मी बहिरी नाहीये."

पलंगाच्या कडेला बसून तिने दोन्ही कानांत इअरफोन घातले. डाव्या कानात तो घालताना हात दोनदा मागे आला. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तीन बावन्नला काहीही नव्हतं. गाणारी एका साध्या ओळीच्या मध्यावर होती, आणि तिसरं कडवं सुरू व्हायला अजून अकरा सेकंद बाकी होते.

तेव्हा तिच्या डोक्यात सरळ, स्वच्छ एक विचार आला. फोन करायचा आणि म्हणायचं, बाई, आकडा लिहिताना चुकला. दोन पंचवीसला ऐका. म्हणजे बाईंना ऐकू येईल, त्या लांबचा रस्ता धरतील, आणि घड्याळाचं घड्याळपण राहील. फक्त गाण्यात कुठेतरी एक खरी खूण सापडायला हवी होती.

तिने पुन्हा ऐकलं, वही घेऊन. मग तिसऱ्यांदा. दोन पंचवीसला आवाज चढतो. एक चाळीसला गिटार थांबते. चार वीसला पहिली ओळ परत येते. सगळं कळत होतं, आणि सगळं सारखंच होतं, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखं, बोट कुठे ठेवायचं ते कळू नये असं. चौथ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं, की आपण बोट कुठेही ठेवू शकतो आणि तेच वाईट आहे. पुन्हा अंदाजाने ठेवलं आणि तिथेही बाईंना काही मिळालं नाही, तर सोमवारी त्या आखूड रस्ता सांगून मोकळ्या होतील. कान तर जाईलच, आणि तो कुणामुळे गेला हे फक्त एकाच माणसाला माहीत असेल.

बाहेर येऊन तिने बाळाला घेतलं. ते रडलं नव्हतं.

"झालं ऐकून?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"छान होतं?"

"माहीत नाही, आई."

सासूबाई उठल्या. मग म्हणाल्या, "चहा टाकते."

शनिवारी सकाळी दहा वाजता ती बाळाला पुढे झोळीत बांधून बाईंच्या घरी गेली. दुसरा मजला, जिन्याला कठडा ठीक, पण गजांत अंतर जास्त. बाईंची खोली पुस्तकांनी भरलेली. खालच्या कप्प्यात लाकडी कर्कटक, टोकदार. उघडे प्लगपॉइंट दोन. बाई स्पीकरजवळ स्टुलावर बसलेल्या, आणि त्यांच्या डाव्या कानाची पाळी लाल झाली होती, टेकवून टेकवून.

"ये. पिल्लूही आलंय. बस तिकडे."

ती बसली नाही. बाळ झोळीत होतं, आणि तिने येताना जिन्यात ठरवलं होतं की उभ्यानेच सांगायचं.

"बाई, तीन बावन्नला काही नाहीये."

"काय?"

ती बाईंच्या डाव्या बाजूला गेली. "तिथे काही नाहीये. मी गाणं ऐकलंच नव्हतं. पहिले दहा सेकंद ऐकले आणि खूण मनाने लिहिली. तुमचा कान चांगला आहे. जे होतं ते तुम्ही सगळं ऐकलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, त्याची पीं पीं येत होती.

"आणि आधीच्या?" बाईंनी विचारलं. "मधल्या पाच महिन्यांतल्या?"

"जुन्या वहीतल्या. त्या खऱ्या होत्या. मला आता काही पकडत नाही. बाळ झाल्यापासून. मी ऐकते, पण होत काही नाही."

हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, बाळाच्या बाबालाही नाही. सांगून झालं तरी आत काही हललं नाही. बाळाने झोळीतून हात बाहेर काढला होता आणि तो तिच्या बटणाकडे चालला होता. बटण घट्ट आहे ना ते तिने चाचपून बघितलं.

"चार दिवस," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. वर्गात त्यांचा आवाज चढला नाही की मागच्या बाकांपर्यंत शांत व्हायचं म्हणे. "चार दिवस मी त्या खोक्याला कान लावून बसलेय. रोज थोडाथोडा निरोप घेतलाय मी. जे गेलंच नव्हतं त्याचा. मुलाला फोन करून सांगितलं, आखूडच करू या. तो रडला फोनवर. चाळिशीचा माणूस."

"हो."

"हो काय?"

"चूक झाली, बाई."

"चूक म्हणजे बेरीज चुकते ती. तू सोडवलंच नाहीस आणि उत्तर लिहिलंस."

ती उभीच राहिली. बाईंनी टेबलावरची चिठ्ठी उचलली, तिची चिठ्ठी, आणि तीन बावन्नवर एक आडवी रेघ मारली, पट्टीने. मग फोन घेऊन मुलाला लावला. "ऐक. लांबचा. हो, विचार करून सांगतेय. नाही, कान चांगला आहे माझा, प्रश्नपत्रिकाच चुकीची होती. संध्याकाळी सांगते सगळं." फोन ठेवला आणि हिच्याकडे वळल्या.

"काकांना आणि त्याला तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

"आज तीनला सांगते."

"हं." बाईंनी स्टूल जरा सरकवलं. "आता बस. पाय दुखतील, वजन आहे त्या पिल्लाला."

ती जमिनीवर बसली, सतरंजीवर, कर्कटकाच्या आणि बाळाच्या मध्ये. बाईंनी ते पाहिलं, उठून कर्कटक वरच्या कप्प्यात ठेवलं.

"गाणं लावते. तुला काय वाटतं ते मला नकोय. तुझ्यासारखी पोरं असायची वर्गात, कोरा कागद पुढे घेऊन बसायची. सिद्धता सुचत नाही म्हणून काहीच लिहायची नाहीत. मी म्हणायचे, सिद्धता राहू दे, साध्य पण राहू दे. पक्ष लिही. काय दिलंय तेवढं लिही."

गाणं सुरू झालं. स्पीकर मोठा लावलेला होता. तिला काहीच झालं नाही.

"एक गिटार," ती म्हणाली. "सगळ्यांत जाड तार जरा उतरलेली आहे."

बाईंनी पेन्सिल घेतली. "पुढे."

"लाकडी खुर्चीत बसून गातेय. खुर्ची करकरते."

"कुठे?"

"आता. हे बघा, परत."

बाईंनी कान पुढे केला. "मला नाही आलं."

"मागे घेऊ?"

"घे."

तिने मागे घेतलं. बाई श्वास धरून बसल्या. बाळसुद्धा स्पीकरकडे बघत होतं.

"आलं," बाई म्हणाल्या. "अठ्ठावीस सेकंद."

"सत्तावीस."

बाईंनी तिच्याकडे तिरकं बघितलं आणि सत्तावीस लिहिलं. गाणं पुढे गेलं. तिला जे जे ऐकू येत होतं ते ती सांगत राहिली, नकाशाच्या मुद्रितावर ती नद्या आणि रस्ते तपासायची तशी: इथे ती शब्दाच्या मध्येच श्वास घेते, इथे ताल किंचित पळतो, इथे दूर कुठेतरी दार लागतं. बाई लिहीत होत्या. दार त्यांना आलं. श्वास दोनदा मागे घेतल्यावर आला. पळालेला ताल काही केल्या आला नाही, तेव्हा बाईंनी तो लिहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि सोडून दिला.

तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली तेव्हा बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते. पन्नास. एक्कावन्न. बावन्न. गाणारी एका साध्या ओळीच्या मध्यावर होती आणि ओळ पुरी करून पुढे गेली.

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"नाही."

बाईंनी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. गाणारीचं नाव, गाण्याचं नाव, आणि रेघ मारलेला आकडा. "ही आज दुकानात घेऊन जा. खूण रिकामी ठेव."

"बिनखुणेची चिठ्ठी चालत नाही. नियम तुमचाच आहे."

"म्हणूनच मी सांगतेय."

तिने चिठ्ठी घेतली आणि झोळीच्या वरच्या खिशात ठेवली, जिथे बाळाचं टोपडं होतं. अकरा वाजत आले होते, बाळाला भूक लागायची वेळ झालेली. गाणं अजून चालू होतं, पाऊण मिनिट उरलं होतं. ती उठायला लागली, मग संपेपर्यंत थांबली.